कापसाची खाज

अमरावती, २ जानेवारी २००२

तीर्थरूप वेणूताईंना प्रणालीचा वाकून नमस्कार.

चारूला तुमच्या हवाली करून हे काल दिवेलागणीला परतले. ‘पोरगी आत्याच्या कडेवर अशी बसली की माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही,’ म्हणाले. सात वर्षांची घोडी अन् कडेवर! तुम्ही तिला लाडावून ठेवाल हे मला ठाऊकच आहे. ठेवा. तिचं लाडाचं वर्ष दवाखान्यातच गेलं.

घाईगर्दीत तुमच्या भावाने नीट सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते. काल सकाळी धाकट्या मुन्नाच्या पोटावर कांजिणीचा पहिला फोड दिसला. मुन्नासारख्या धडधाकट पोराला कांजिण्या म्हणजे आठवडाभराची खाजाखाज. पण चारूला रक्ताचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, ही औषधं रोगाला मारतात तशी अंगातली झुंजायची ताकदही मारतात. अशा पोराला कांजिण्या झाल्या तर त्या कातडीवर थांबत नाहीत, फुप्फुसात उतरतात आणि पोर हातची जाते. म्हणून फोड दिसला त्याच दिवशी तिला घरातून हलवली. देवाने वेळेवर बुद्धी दिली.

पाणी उकळून द्या. गर्दीत, लग्नाकार्यात नेऊ नका. धुळीत, कचऱ्यात खेळू देऊ नका. रोजच्या पिवळ्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदाच द्यायची गोळी डब्यात आहे, रात्री झोपताना द्यायच्या. आणि अंगावर निळे डाग दिसले तर लगेच कळवा. आजार सुरू झाला तेव्हा तिच्या मानेवर तसेच डाग होते. लंगडी खेळताना पडली असेल म्हणून आम्ही तेल-हळद चोळत बसलो होतो.

तुमच्या गावचा फोन दिवाळीपासून मुका आहे, तेव्हा पत्र अकोटच्या गाडीवरचे कंडक्टर शेषराव यांच्याजवळ देत जाईन. तुम्हीही त्यांच्याजवळच द्या. पोस्टापेक्षा ते बरे, चहा पाजला की पत्र हरवत नाहीत.

तुमची,
प्रणाली

*

खैरखेड, ५ जानेवारी

चि. सौ. प्रणालीस तुझ्या नणंदेचे भरभरून आशीर्वाद.

अगं, पत्र लिहिलंस की सरकारी फर्मान? हे करू नका, ते करू नका. मी तीन पोरं वाढवली बाई. तुझ्या नवऱ्याचं, आमच्या गोपालचंही नाक मीच पुसलेलं आहे.

चारू मजेत आहे. इथे आल्यापासून दोन वेळा भाकर खाते, तीही तूप लावून. डोक्यावर केस नाहीत म्हणून गल्लीतल्या पोरी हसतील अशी मला धास्ती होती, तर हिनेच त्यांना सांगून टाकलं, ‘माझे केस नागपूरले ठेवले हायेत, मोठे झाले का आणीन.’ आमचे हे, म्हणजे तुझे खुशालराव भाऊजी, इतके हसले की तंबाखूचा ठसका लागला. सासूबाईंनी तिची अलाबला काढली. त्या अजून कांजिण्यांना कांजिण्या म्हणू देत नाहीत. माता म्हणायचं, तेही हात जोडून. मुन्नाला काय झालंय ते मी त्यांना सांगितलंच नाही, नाहीतर घरात फोडणीसुद्धा बंद केली असती.

धुळीचं म्हणशील तर घर आरशासारखं ठेवलं आहे. सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्याने पुसते. पुढची खोली बंद केली आहे. तिला माजघराबाहेर जायचं कामच नाही. तू मुन्नाकडे बघ. त्याच्या अंगाला कडुलिंबाचा पाला फिरव. डॉक्टर काही म्हणो, पाल्याने थंडावा येतो.

तुझी,
वेणूताई

*

अमरावती, १० जानेवारी

ती. वेणूताईंना नमस्कार.

मुन्ना उतारावर आहे. खपल्या धरल्या आहेत.

हे काल नागपूरला जाऊन डॉक्टरांना भेटून आले. चारूच्या पिवळ्या गोळ्या आणि आठवड्याची गोळी, दोन्ही तूर्त बंद ठेवायला सांगितल्या आहेत. डबा उचलून वर ठेवा.

एक काम कराल का? रोज आंघोळ घालताना तिचं अंग पुढून-मागून नीट बघत जा. पाठ, पोट, कानामागे, डोक्यावर. दिवसाच्या उजेडात बघा. एखादा लाल ठिपका जरी दिसला, अंग जरा जरी कोमट लागलं, तर दुसरं काही न करता तिला घेऊन थेट नागपूरला निघा. आम्हाला विचारत बसू नका. विशेष काही कारण नाही. डॉक्टरांनी म्हटलं आहे म्हणून लिहिते.

रोज बघाल ना? आणि मला रोज दोन ओळी लिहा. खरंच लिहा. माझं मन उगाच लागत नाही.

तुमची,
प्रणाली

*

खैरखेड, १६ जानेवारी

चि. सौ. प्रणालीस आशीर्वाद.

गोळ्या बंद झाल्या, हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. एवढी आनंदाची बातमी आणि लिहितेस कशी, मेल्या उंदरासारखी! वर्षभर पोरीच्या घशाखाली ते विष उतरवलंत, आता डॉक्टरनेच डबा उचलून ठेवायला सांगितला म्हणजे पोर सुटलीच की. आई झालीस म्हणून जन्मभर भीतच राहायचं का?

संक्रांत झोकात झाली. चारूला काळं परकर-पोलकं शिवलं, हलव्याचे दागिने घातले. आता तिला जरा मोकळं सोडलं आहे. अंगणात खेळते, शेजारच्या पोरांत मिसळते. रोज अंग बघते, तू सांगितलंस तसं. कसं लोण्यासारखं आहे. काळजीचं कारण नाही. रोज दोन ओळी लिहायच्या म्हणतेस, पण शेषराव रोज थोडाच भेटतो? हातातली कामं टाकून फाट्यावर कोण जाणार!

खाली तिलाच चार ओळी लिहू देते. दुसरीतली पोर आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी,
वेणूताई

आई, मी मजेत आहे. मुन्नाचा पापा घे. आत्याच्या घरात कापसाचा डोंगर आहे पार छतापर्यंत. आम्ही त्याच्यावरून घसरगुंडी करतो. मला खूप खाजते. सगळ्यांना खाजते. आत्या खोबरेल तेल लावते. आत्या पाणी आणाले गेली म्हणून लिहिलं, कापसाचं लिहू नको म्हणली होती. तुझी चारू.

*

अमरावती, १७ जानेवारी

वेणूताई,

पत्र आत्ता मिळालं. शेषरावांना दारात उभं करून हे लिहिते आहे. वाचताक्षणी उठा.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. कांजिण्या फोड आल्यावर पसरतात असं मला वाटत होतं. तसं नाही. फोड दिसायच्या आधी एक-दोन दिवसांपासूनच त्या दुसऱ्याला लागतात. मुन्नाला फोड आला त्याच्या आदल्या दिवशी दोघं एका ताटात जेवली होती, एका गोधडीत झोपली होती. डॉक्टरांनी ह्यांना तेच विचारलं आणि कपाळाला हात लावला. लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत द्यायचं एक इंजेक्शन असतं, ती वेळ तेव्हाच टळून गेली होती. म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. ती बरी झाली म्हणून नाही हो ताई! कांजिण्या आल्याच तर अंगात थोडी तरी ताकद असावी म्हणून.

हे मी तुम्हाला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही तिला परत पाठवाल, किंवा तुमच्या सासूबाई माता म्हणून तिला देवघरापुढे बसवून ठेवतील, अशी मला भीती वाटली. मुन्ना फोडांनी भरलेला असताना तिला मी कुठे ठेवणार होते?

काल माझ्याच अंगावर फोड आले. मला लहानपणी कांजिण्या झाल्या नव्हत्या. मुन्नाकडून मला आणि चारूला एकाच वेळी लागल्या असणार. म्हणजे मला आल्या तशा तिलाही आल्या आहेत. ती कापसाची खाज नाही, ताई. मीही वऱ्हाडातलीच आहे, कापूस घरात साठवला की पोरांना खाज सुटते हे मला माहीत आहे. पण कापसाच्या पुरळात पाणी भरत नाही. तिच्या डोक्यावर बघा. ओठ उलटून तोंडात बघा. तोंडात कापूस जात नाही.

विषाणू मारायचं औषध आहे. सलाइनमधून देतात. पहिल्याच दिवशी सुरू झालं तर पोरं निभावतात, उशीर झाला तर सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. हे ड्युटीवरून दुपारी सुटतील, त्यांना मी अमरावतीच्या नाक्यावर उभं करते. तुम्ही मिळेल त्या गाडीने निघा. मला एकशेचार ताप आहे, पाय जमिनीवर ठरत नाहीत, नाहीतर मीच आले असते.

तिला वाचवा.

प्रणाली

*

नागपूर, २० जानेवारी

प्रणाली,

गोपाल खाली औषध आणायला गेला आहे, तोवर लिहिते. 

तुझं पत्र फाट्यावरच वाचलं आणि पळत घरी आले. चारू कापसावर उताणी पडून होती. तिला उजेडात आणून ओठ उलटला. आत, गालाला, पांढरे फोड. तीन-चार तर असतील. डोक्यावरच्या कोवळ्या केसांत पाण्याने भरलेले. पाठीवर माझ्या तेलाने चकाकणारे. मी तिला तशीच उचलली.

सासूबाईंनी पाहिलं आणि दार अडवून उभ्या राहिल्या. ‘माता हाये ते. सुई टोचू नोका, कोपते ते. आमच्या घरातून आजवर कोनी मातेले दवाखान्यात नेलं नाही.’ जन्मात मी त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, ‘कोपली तर माह्यावर कोपू द्या, पोरीले कायले धरता?’ आणि त्यांचा हात धरून बाजूला केलं. ह्यांनी जीप आणली होती. अमरावतीच्या नाक्यावर गोपालच्या आधाराने तू शाल गुंडाळून उभी होतीस. तुझ्या तोंडावरचे फोड मी पाहिले आणि तेच चारूच्या तोंडावर होते. तू काचेला हात लावलास, चारूने आतून लावला. मी तेव्हा तुझ्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

इथे तिला वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. तिच्यासारख्याच आजाराची पोरं वॉर्डात आहेत, त्यांना लागू नये म्हणून. त्याच पोरांसाठी डॉक्टर म्हणतात की तुझ्या खपल्या पडेपर्यंत तू इथे पाऊल टाकायचं नाही. मला लहानपणी होऊन गेल्या आहेत म्हणून मला बसू देतात. सलाइन चालू आहे, आठ-आठ तासांनी औषध. छातीचा फोटो काढला. उजव्या बाजूला उतरलं आहे. नाकाला ऑक्सिजन लावला आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘पहिला फोड कधी दिसला?’ मी ‘काल’ म्हणाले. गोपाल शेजारी उभा होता. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘आजी, नीट आठवा. औषधाचा हिशेब त्यावर आहे.’ तेव्हा मला खोटं बोलवेना.

संक्रांतीच्या सकाळी, तीळ लावून न्हाऊ घालताना, मला तिच्या पोटावर लाल पुरळ दिसलं होतं. म्हणजे अंग लोण्यासारखं आहे असं मी तुला लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. कापसाची खाज असं माझ्या मनाने घेतलं. शेजारची पोरं खाजवत होती, माझे हात खाजत होते, मग हिलाही खाजणारच. भाव नाही म्हणून ह्यांनी सगळा कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवला आहे. ‘भाव येऊ दे, मंग पाहू,’ रोज तेच. आणि मी तुला आरशासारखं घर लिहून बसले होते. पुरळ लिहावं तर कापूस लिहावा लागला असता. म्हणून नाही लिहिलं. गोळ्या बंद म्हणजे पोर बरी झाली, आता काय होतं, असंही वाटलं.

मी हे गोपालपुढेच डॉक्टरीणबाईंना सांगितलं. तो बाहेर जाऊन जिन्यात बसला.

वेणू

*

अमरावती, २२ जानेवारी

वेणूताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा फाडावंसं वाटलं.

लोण्यासारखं! तुम्हाला तो शब्द लिहिताना काहीच वाटलं नाही? मी रोज अंग बघा म्हणून विनवत होते. तुम्ही बघत होता, तुम्हाला दिसत होतं, आणि तुम्ही त्याच्यावर तेल लावत होता. मला राग आला आहे, आणि तो मी गिळणार नाही. हे तुमचे धाकटे भाऊ आहेत म्हणून जिन्यात जाऊन बसले. मी असते तर बोलले असते.

पण मुन्नाला मांडीवर घेऊन बसले की दुसरंही मनात येतं. तुम्हाला कशासाठी बघायचं ते मी सांगितलंच नव्हतं. ‘विशेष काही कारण नाही’ हे माझंच वाक्य. कारण सांगितलं असतं तर तुम्ही संक्रांतीलाच निघाला असता. तुम्ही तशा आहात, हे मला ठाऊक आहे. तुमच्यावर ओरडायला गेले की माझ्याच अंगावर येतं.

तिच्याजवळ आता तुम्ही आहात आणि मी नाही. माझे फोड अजून ओले आहेत. आरशात ते दिसले की वाटतं, तिचेही आज असेच असतील. आपण दोघी मायलेकी एका वेळी खाजवत असू. माझे सुकतील तसे तिचेही सुकावेत, एवढंच मागते.

आता एकच मागणं आहे. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. ताप असेल तर ताप लिहा. दम लागत असेल तर दम लिहा. जे दिसेल ते दिसेल तसं लिहा, मग मला ते सोसो की न सोसो.

प्रणाली

*

नागपूर, २८ जानेवारी

चि. प्रणाली,

जे दिसतं ते लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी चारूची तब्येत फार बिघडली होती. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. बोलायचं सोडून दिलं होतं तिने. डॉक्टरीणबाई दिवसभर खोलीतून हलल्या नाहीत. गोपालला बोलावून त्यांनी सांगितलं, मनाची तयारी ठेवा. मी ते तुला कळवलं नाही, कारण त्या दिवशी मला पेन धरता आलं नाही. हे खरं कारण आहे.

त्यानंतर दोन दिवस तशीच होती. मग नवे फोड यायचे थांबले. परवा ताप उतरला. काल ऑक्सिजनची नळी दिवसा काढली, रात्री लावतात. खपल्या काळ्या पडल्या आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजी, कांजिण्यांतून निघाली तुमची नात.’ नात नव्हे, भाची, हेही मला सांगता आलं नाही. तोंडाला पदर लावून रडत होते. चारूने विचारलं, ‘आत्या, तू काहून रडून राहिली? मले तर आता खाजतबी नाही.’ पेज मागितली. अर्धी वाटी घेतली.

घरी कापूस अजून तसाच आहे. ह्यांना निरोप धाडला, मिळेल त्या भावात काढा, मला ती खोली रिकामी हवी. सासूबाईंनी मातेला दहीभात दाखवला म्हणे. दाखवू दे. मी काही बोलणार नाही.

इथवर तुला लिहून पत्र बंद करावं असं मनात आलं होतं. तू चार दिवस सुखाने झोपली असतीस. पण तू जे मागितलंस ते मी पाळते आहे.

आज सकाळी स्पंजिंग करताना तिची मान वळवली. केसांच्या खाली, मानेवर, दोन निळे डाग आहेत. एक रुपयाएवढा, एक त्याहून लहान. कालपर्यंत नव्हते, कारण काल मी बघितलं होतं. मानेला सुई टोचलेली नाही. उशी टोचली असेल, नळीची पट्टी काचली असेल, कांजिण्यांनी रक्त पातळ झालं असेल, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. तेलाची बाटली उशाशीच आहे. तिला मी हात लावला नाही. आजार असेच डाग घेऊन आला होता, हे तू पहिल्या पत्रात लिहिलेलं मला पाठ आहे.

मी बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी डाग पाहिले. गोळ्या किती दिवस बंद आहेत ते विचारलं. मग रक्त काढायला माणूस बोलावला. त्या आता आत आहेत, आणि मी दाराबाहेर बसून तुला लिहिते आहे. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. हे पत्र आत्ताच अमरावतीच्या गाडीवर देते, गोपाल संध्याकाळी शेजारच्यांकडे फोन लावेल. तू तिथेच बसून राहा.

चारू आतून हाक मारते आहे. तिला चार ओळी लिहायच्या आहेत. मी तिला काहीही लिहू नको म्हणून सांगितलेलं नाही.

वेणू

आई, मी बरी आहे. मला खाजत नाही. डॉक्टर बाई मानेकडे पाहून हसल्या नाहीत. आत्या पण नाही. तू लवकर ये.